तीस सेकंदांची शांतता

मॉरीन हॉलसॉल सकाळी सॅलफर्डच्या स्टुडिओत गेली ती आपल्या नावावरचा डाग धुऊन काढायला. बिस्किटाच्या कारखान्यातल्या तक्रार विभागावरची ती विनोदी मालिका, सव्वीस वर्षं झाली, लोक अजून वेड्यासारखे बघतात. आणि चौथ्या भागाला शिव्या घालतात, की आवाज कुणा बहिऱ्याने घेतलाय? त्या भागाचं ध्वनिमुद्रण केलं होतं मॉरीनने. आता नवी आवृत्ती निघत होती, म्हणून तो भाग साफ करायचं काम तिने मागून घेतलं. मुदत त्याच संध्याकाळी पाचची.

दुखणं एकच, ऑगडेन. मालिकेत साहेबाचं काम करणारा हा नट व्हिनेगरमध्ये मुरवलेली उकडलेली अंडी चघळतच संवाद म्हणायचा. छातीवरच्या माइकमध्ये नुसती मचमच. शी! एकदा तिने सगळ्यांदेखत त्याला तोंड मिटून खायला सांगितलं, तर मेला भरल्या तोंडाने हसला. "सवय कर पोरी, जन्मभर ऐकायचंय तुला." महिन्याभरात तो वारला.

दुपारपर्यंत तिने एकूणएक मचमच कापून काढली. कापलेल्या जागा भरायला त्याच खोलीची शांतता लागते. चित्रीकरण संपलं की सगळ्यांना तीस सेकंद गप्प उभं करून नुसती खोली मुद्रित करायची, ही जुनी पद्धत. ती शांतता तिने सगळ्याच विरामांत भरली आणि भाग पहिल्यापासून लावला.

प्रत्येक विरामात मचमच. आधी नव्हती तिथेसुद्धा.

म्हणजे ती त्या शांततेतच होती. पण मॉरीनला तो क्षण लख्ख आठवत होता. ऑगडेन समोर उभा, ओठ घट्ट मिटलेले, तिच्याकडे बघत.

"नेस्टा," तिने शेजारी बसलेल्या मदतनीस बाईला विचारलं, "तू काही खातेयस?"

"नाही... मला वाटलं, तुम्हीच."

मॉरीनने सकाळपासून चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. त्या खोलीची नाही तर नाही, इथलीच नवी शांतता घेऊन भागवू, तिने ठरवलं. नेस्टाला बाहेर पाठवलं, माइक चालू केला, ओठ मिटले, तीस सेकंद मोजले, आणि ऐकलं.

मचमच. अगदी जवळून... मग गिळल्याचा आवाज.

तिने हेडफोन भिरकावला. तोंडाला आंबूस वास येत होता. जीभ दाढेमागे गेली, तिथे काहीतरी गुळगुळीत, बुळबुळीत लागलं. थुंकायला ती टोपलीवर वाकली, पण दाढा आपणहून चावायला लागल्या.

पाच वाजता नेस्टाने दार ढकलून विचारलं, भाग पाठवू का?

मॉरीनला नको म्हणायचं होतं. तोंड भरलेलं होतं.