राग गिळणारा माणूस

"गेल्या महिन्यात किती वेळा राग आला?"

एका हातात रोहूंची ओली टोपली, दुसऱ्या हाताने बाबुलाल व्यापाऱ्याचा काटा धरून ठेवलेला... हा प्रश्न विचारायची ही वेळ होती का? ओल्या पोत्याचं वजन बाबुलाल माझ्या मासळीतून कापत होता, आणि कापतो म्हणजे जरा जास्तच कापतो.

"महिन्याचं सोडा जी," मी म्हणाले, "आज सकाळपासूनचं लिहा. चार. तुमी पाचवे."

तो हसला नाही. फोनवर बोट टेकवून त्याने खरंच 'पाच' लिहिलं! नाव निकेश. आरोग्याच्या पाहणीसाठी वरठीहून मोटरसायकलने यायचा, माणसाचा स्वभाव आणि हृदयविकार यांचा काय संबंध आहे ते विचारत आंधळगावात फिरायचा. डोळे मात्र – जाऊ द्या. डोळे चांगले होते, आणि मला त्याचाही राग आला.

"दंड पुढं करा. बीपी पाहू."

"हात वल्ला हाय."

"चालते."

त्याने स्वतःच्या रुमालाने माझा दंड पुसला. हळू. चिकटलेले खवले एकेक करून काढले.

भांडण तापलेलं, चार टोपल्या नुकत्याच वर ओढलेल्या. अशा वेळी बीपी किती येणार? एकशे सत्तर! त्या मुखदुर्बळाने ते तसंच लिहून घेतलं आणि गावच्या आशा सेविका मंगलाबाईंना सांगितलं, यांना जपा.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर. नंदिनीले राग आणू नका, तिचं हृदय नाजूक हाय. आईने कालवणातलं मीठ बंद केलं. बायका जाळ्यावरची कुरबुर माझ्यापासून लपवू लागल्या. आणि बाबुलाल? भांडलाच नाही. मी म्हणेन ते वजन. आठवडाभर मला भांडायला माणूस मिळेना, आतल्या आत नुसती उकळत होते.

पुढच्या शुक्रवारी तो आला, तसं मी त्याला तलावाच्या पाळीवर, बांधावरच गाठलं.

"काहून जी, जितेपणीच माह्या फोटोले हार घातला?"

"चूक झाली," तो खाली बघत म्हणाला. "पाच मिनिटं बसवून मंग मोजाचं रायते. मी... घाई केली."

"कायले?"

"तुमी निघून जासान म्हणून."

मी मुकाट बसले. पाच मिनिटं. त्याने मोजलं – एकशे अठरा. मग पट्टा हिसकून मी त्याच्याच दंडाला गुंडाळला. तो नको नको म्हणत राहिला. एकशे अठ्ठावन्न. पुन्हा मोजलं. एकशे एकसष्ट.

"तुमाले राग नाई येत?"

"येते. गिळतो."

माझे बाबा, सोमाजी, तेही गिळायचे. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. बावन्नाव्या वर्षी तलावात, डोंग्यातच कलंडले आणि गेले. महिनाभर छातीत दुखत होतं म्हणे. सोबत्याला सांगितलं आणि वर म्हणाले, घरी बोलू नको. आईला हे तेराव्या दिवशी कळलं. तेव्हाच मी ठरवलं होतं, काहीही होवो, गप्प माणसाशी लग्न करायचं नाही. आणि मेली मी आठ दिवस शुक्रवारची वाट बघत होते!

"तुमी मले आवडता," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. "पण मले मायसारखं मागून काही कळाले नाई पाहिजे. समजलं? बोला काही. भांडा!"

तो दंडावरचा पट्टा सोडू लागला. मी टोपली उचलली आणि चालू लागले.

"थांब ना!" त्याचा आवाज चढला. पाळीवरचे बगळे उडाले. "सारखी तूच बोलून राहिली. मले बोलू देशीन का नाई?"

"बोल."

"ही पाळ चढलो का..." त्याने तळहात छातीच्या मधोमध ठेवला. "इथं दाबल्यावानी होते. दोन महिने झाले. कोणालेच नाई सांगतलं. तुले सांगून राहिलो."

पोरींना गुलाब मिळतात, चिठ्ठ्या मिळतात. मला हे मिळालं. त्याने केवढं मोठं काही माझ्या हातात दिलं होतं, ते मला नेमकं कळलं. डोळे भरून आले, आणि लगेच डोकं फिरलं.

"दोन महिने? अन् लोकायचं बीपी मोजत फिरून राहिला? चाबी दे!"

टोपल्या बाबुलालच्या हवाली केल्या, वजन नीट कर म्हणून दम दिला आणि मोटरसायकल मीच काढली. त्याला मागे बसवलं. भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता.

"नंदिनी, हळू चालव."

"नाई चालवत!"

"मले भेव लागून राहिलं!" तो माझ्या कानाशी ओरडला. "दवाखान्याचंबी, तुह्या गाडीचंबी. हळू चालव म्हणतो ना!"

मी गाडी हळू केली.