भिंतीकडे तोंड केलेली गाडी

त्या गल्लीत जुन्या गाड्या तोडायचं काम चालायचं, आणि तिथला नियम सगळ्यांना पाठ होता: जिचं तोंड भिंतीकडे, ती तोडायची. त्या दुपारी एक अनोळखी तरुण आला, नेमकं भिंतीकडे तोंड करून गाडी लावली आणि गल्लीची मापं घ्यायला निघून गेला. परत येतो तर दोन दारं निखळलेली, आणि गाळेवाल्याची मुलगी तिसऱ्या दाराला पाना लावतेय.

"अहो बाई... ही चालते," तो कसाबसा म्हणाला.

तिने आधी गाडी न्याहाळली, मग त्याला. "बघून वाटलं नाही हो तसं."

त्यालाही हसू आलं. पण दारं परत बसवताना तो कशासाठी आलाय ते कळलं, आणि तिचं डोकं फिरलं. मोडीत निघालेल्या गाड्या कुठे जमवायच्या, कुठे तोडायच्या, याचा शहराचा आराखडा तो करत होता. सगळं काम बाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात जाणार होतं. गल्ली त्यात नव्हतीच.

त्याने जमिनीत मुरलेलं काळं तेल दाखवलं. ते तिने नाकारलं नाही.

"तेलासाठी आमचे कान धरा की. तुम्ही तर माणसंच पुसून टाकलीत."

त्याने हातातल्या आराखड्याकडे पाहिलं.

"बघता काय? दार धरा."

त्याने धरलं.

मग तो येतच राहिला – कधी कामाने, कधी उगाच. ती दर वेळी भांडायची, आणि त्याला उशीर झाला की एका सुट्या आरशाचं तोंड हळूच रस्त्याकडे वळवायची. भांडता भांडता दोघांनी मार्ग काढला: गल्लीच्या तोंडाशी पक्की शेड, तेल नि बॅटऱ्या तिथेच काढायच्या, तोडणं गाळ्यांतच, उरलेला सांगाडा तेवढा कारखान्याला.

एके दिवशी तो पडक्या चेहऱ्याने आला. दोघांचा तो मार्ग त्याने लिहून दिला होता, पण वरच्या साहेबांनी तो वाचलासुद्धा नव्हता. हा अडून बसला, तर काम काढून घेतलं. उद्या जुन्याच आराखड्यावर सुनावणी, मग गाळ्यांना कुलूप.

"न वाचता?" तिने हातातला पाना आपटला. "आणि तुम्ही कुणासाठी भांडत बसलात?"

"गल्लीसाठी," तो म्हणाला. मग अडखळत – "म्हणजे... निम्मं गल्लीसाठी."

तिचे कान तापले. हे रागाने नव्हतं, एवढं तिला कळलं.

"उद्या सगळी गल्ली येईल. बोलेन मी. तुम्ही कुठे बसणार?"

"तुमच्या शेजारी. साहेबांच्या समोर."

गाडीखालून बाबांनी विचारलं, कोण आलंय गं. इतके दिवस ती त्याला 'ऑफिसातले साहेब' म्हणायची.

"आपला माणूस आहे, बाबा," ती म्हणाली. "उद्या आपल्या बाकावर बसणार आहे."