शिंगरानं खाल्लेलं अक्षर

नावेत चढल्यावर रेवानं आपली पत्र्याची पेटी अशा बेतानं ठेवली की तिला पाणी लागू नये. शिंगरू लागेल, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

तापी काठोकाठ वाहत होती. पावसाळा संपला होता, तरी निरोप घेऊन उंबऱ्यात घोटाळणाऱ्या पाहुण्यासारखी एक भुरभुर मागे राहिली होती. पेटीला ओल लागली की काय, म्हणून रेवानं झाकण उघडलं. आत पुठ्ठ्याचे चौकोन होते. त्यांवर गव्हाच्या खळीनं अक्षरं काढून वर बारीक वाळू भुरभुरवलेली. मुलांनी त्यांवरून बोट फिरवायचं. अक्षराचं वळण आधी बोटाला कळायचं आणि मग डोळ्याला. एवढं शिकायला ती वर्षभर गुजरातेतल्या एका बालमंदिरात राहून आली होती आणि आता सारंगखेड्याला लहान मुलांचा वर्ग काढायला निघाली होती.

साल एकोणीसशे अडतीस. लहान मुलांना कसं शिकवावं हा एक प्रश्न आहे, हे तेव्हा सारंगखेड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. उत्तर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ते निरगुडीचं होतं, हातभर लांब होतं आणि गावच्या शाळेतल्या भिला मास्तरांच्या टेबलावर असे.

तेवढ्यात मागून एक ओलसर तोंड पेटीत शिरलं, खळीचा वास घेतला आणि एक चौकोन उचलून शांतपणे चावू लागलं.

"अहो... तुमचं शिंगरू..."

शिंगराचा दोर धरून उभा असलेला तरुण वळला. उंच, सावळा, डोक्याला मळकट पांढरं पागोटं. "काय खाल्लं त्यानं?"

"न."

"काय?"

"न. अक्षर आहे ते."

"मग हरकत नाही. मी सात इयत्ता अक्षरंच खाल्ली. अंगाला एक लागलं नाही."

रेवाला हसू आलं होतं, पण नव्या बाईनं नावेतच हसावं की नाही याबद्दल बालमंदिरात काही शिकवलं नव्हतं. "भाऊ, थट्टा नको. बाराखडीत न नसेल तर मी काय करू?"

"भाऊ नका म्हणू," तो म्हणाला. "पलीकडे उतरलात की भाऊच भाऊ भेटतील."

"मग काय म्हणू?"

"नवल. न पासूनच सुरू होतं. तुमच्याकडे होता, आत्ताच गेला." मग शिंगराच्या तोंडातून ओला पुठ्ठा ओढून काढत तो जरा शरमला. "लाकडाचा करून देतो, बाई. असा, की हत्तीनं खाल्ला तरी पचायचा नाही."

*

नवल हा चुडामण पाटलांचा मुलगा निघाला, आणि वर्ग पाटलांच्याच पागेत भरायचा होता. पाटलांचं बोलणं सरळ असे. "मार्गशीर्षी पौर्णिमाले घोडाबाजार. तवलोंग पागा रिकामी शे. बाजारना आगोदर दिपोटीसाहेब शाळा तपासाले येथीन. पोरं वाचतीन, ते देऊळमागली खोली तुम्हले कायमनी. नही वाचतीन, ते मीच गाडी जुपीसन दोंडाईचा स्टेशनवर सोडी देस."

रुळाच्या दुसऱ्या टोकाला नंदुरबार होतं, नंदुरबारात मामा होते, आणि मामांनी रेवासाठी एक अव्वल कारकून पाहून ठेवला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्यासमोर बसलं की कागद उडू नये म्हणून आपल्यावर कुणी वजन ठेवलंय असं वाटे. हा वर्ग चालला तरच ते वजन टळणार होतं.

तरीही पहिला महिनाभर रेवानं एक अक्षर शिकवलं नाही. मुलं एका लोट्यातली ज्वारी दुसऱ्या लोट्यात ओतत. मणी ओवत. हात धूत, पुसत, गाणी म्हणत. कधी सगळी डोळे मिटून बसत आणि बाहेर कुठकुठले आवाज येतात ते मोजत.

"आम्हनी पोर घर ज्वारी सांडस ते आम्ही मारतस," शेजारच्या जमनाबाई पागेच्या दारातून म्हणाल्या. "आठे सांडस ते बाई शाबास म्हणस."

भिला मास्तर नुसते रस्त्यानं जाताना पागेपाशी थांबत, आत बघत आणि कुणी वारल्यासारखी मान हलवत.

नवल मात्र रोज येई. घोड्यांना कडबा टाकायला म्हणून येई. पागेत घोडे नव्हते, ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही.

आठव्या दिवशी त्यानं सागवानाचा न आणला. कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"एवढा वेळ?"

"तीन फुकट गेले. एकाला शेपूटच फुटलं." तो मुलांकडे बघत उभा राहिला. "बाई, एक विचारू? तुम्ही शिंगरं शिकवलीत का कधी?"

"मी?"

"आम्ही असंच करतो. पहिला महिना खोगीर पाठीवर घालत नाही, नुसतं गव्हाणीपाशी ठेवतो. शिंगरू येतं, हुंगतं, जातं. मग एक दिवस आपणहून त्याला तोंड घासतं."

"आणि पहिल्याच दिवशी घातलं तर?"

"पळत नाही ते. गप उभं राहतं. लोकांना वाटतं, शिकलं." नवल हलकेच म्हणाला, "भिला मास्तरांच्या वर्गात जाऊन बघा. सगळे उभे आहेत."

रेवानं त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर जे वह्यांमध्ये उतरवून घेतलं होतं, ते हा माणूस कडब्याची काडी चावत सांगत होता. त्या दिवसापासून कडबा टाकायला त्याला जरा जास्त वेळ लागू लागला, आणि रेवानं तो लागू दिला.

*

दिवली एक शब्द बोलत नव्हती. ती डोंगरसिंगची पाच वर्षांची मुलगी. डोंगरसिंग काठी गावाकडच्या डोंगरातून उतरून पाटलांच्या घोड्यांची चाकरी करायला आला होता. दिवली पुढे बसे, मोठ्या डोळ्यांनी सगळं बघे, आणि ओठ असे मिटून घेई की जणू आत कुणी झोपलंय.

"मुकी असेल का हो?" रेवानं एकदा काळजीनं नवलला विचारलं.

"दिवली? ती तर माझं डोकं खाते. या इकडे."

त्यानं रेवाला पागेच्या मागच्या कुडाशी नेलं. दोघं वाकून फटीतून बघू लागले. फट एकच होती आणि लहान होती, याला नवलचा इलाज नव्हता. पलीकडे दिवली शिंगराच्या मानेत हात टाकून अखंड बोलत होती. आपल्या डोंगरातल्या बोलीत. हातांनी ज्वारी ओतून दाखवत होती, मणी ओवून दाखवत होती. मधेच तिनं बाईंसारखी बट कानामागे सारली.

"सगळी शाळा सांगतेय त्याला," नवल कुजबुजला.

रेवानं फटीवरून डोळा काढला. मग म्हणाली, "महिनाभर तिला माझं बोलणं ऐकवलं. तिचं एकदाही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मुलांना विचारायला सुरुवात केली. पाण्याला घरी काय म्हणता? आईला काय म्हणता? दिवली बोलली नाही, पण कान टवकारून बसली. अक्षरं आली ती मुलांच्या तोंडातले शब्द धरून. त तापीचा, घ घोड्याचा. न पाशी गाडी अडली. पुस्तकात न नळाचा होता. नळ गावात अजून यायचा होता. नवल रोज यायचा. मुलांनी आपसांत ठरवून टाकलं. रेवानं विरोध केला नाही, एवढंच.

*

पौर्णिमेला तीन आठवडे उरले. बाकीची मुलं वाळूतल्या अक्षरांवरून शब्दांवर आली होती. चूक होण्याच्या भीतीनं दिवली हातच पुढे करत नसे.

"बाजारात घोड्याचा भाव कसा करतात, ठाऊक आहे?" एका तिसऱ्या प्रहरी नवलनं विचारलं आणि डोक्याचं पागोटं सोडलं. "हात आणा."

"कशाला?"

"सौदा शिकवतो."

दोघांच्या हातांवर त्यानं पागोट्याचं टोक पसरलं. कापडाखाली त्याची बोटं तिच्या बोटांपाशी आली आणि थांबली. "असं. तोंडानं काही बोलायचं नाही. बोट दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी कुणाला कळत नाही. चुकला तरी हसं होत नाही."

"आणि... कबूल नसेल तर?"

"हात काढून घ्यायचा."

"असेल तर?"

"तर हात तसाच राहतो."

रेवानं हात चटकन काढून घेतला. "मुलं येतील," ती म्हणाली.

मुलं घरी जाऊन दोन घटका झाल्या होत्या.

पण रात्रभर तिच्या डोक्यात एक वाक्य घोळत राहिलं: चुकला तरी हसं होत नाही. सकाळी ती मोठा रुमाल घेऊन आली. अक्षर रुमालाखाली ठेवायचं, हात घालून चाचपायचं, आणि फळीवर मांडलेल्या अक्षरांतून त्याचा जोडीदार बोटानं दाखवायचा. तोंड उघडायची सक्ती नाही. दिवलीनं बराच वेळ पाहिलं. मग तिचा छोटा हात रुमालाखाली सरकला. सागवानी न होता. तिनं फळीवरचा न दाखवला आणि पहिल्यांदाच हसली.

*

दिपोटीसाहेब आले तेव्हा मुलं आपापल्या जागी कामात होती. मागे चुडामण पाटील, भिला मास्तर, जमनाबाई, आणि दारात नवल.

"मुले उभी का राहिली नाहीत?"

"कामात आहेत, साहेब," रेवा म्हणाली.

साहेबांनी बोट केलं ते नेमकं दिवलीकडे. "तू. वाच."

दिवलीनं ओठ मिटले. साहेबांनी वहीत काही टिपलं. भिला मास्तरांनी ती कुणी वारल्यासारखी मान हलवली.

मग दिवली उठली. तिनं रुमाल आणून साहेबांच्या मांडीवर पसरला, त्यांचा हात धरून खाली घातला आणि वाट बघू लागली. साहेबांची अशी परीक्षा फार वर्षांत झाली नव्हती. त्यांनी चाचपलं. "ग."

दिवलीनं मान हलवली.

"मग त असेल."

आता मात्र दिवलीला या माणसाची दया आली. तिनं सागवानी तुकडा बाहेर काढला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "न. नवलदा."

"नवलदा," सगळा वर्ग म्हणाला आणि दाराकडे वळला. दार रिकामं होतं. नवल पळाला होता.

"क्रमिक पुस्तकात न नळाचा आहे," साहेब म्हणाले.

"गावात नळ नाही, साहेब."

"आणि नवल?"

रेवानं बट कानामागे सारली. "तो आहे."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. जमनाबाईंनी दोन्ही भुवया एकदम वर नेल्या आणि त्या दिवसभर खाली आणल्या नाहीत.

साहेब पाच वर्षांच्या मुलीकडून नापास झाले होते. हे त्यांना लागलं. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: दारात घोडा आला. "वाचा."

एकानंही तोंड उघडलं नाही. मुलं फळ्याकडे बघत राहिली, ओठ नुसते हलले... आणि एकाएकी सगळी उठून दाराबाहेर पळाली.

"ही शिस्त, साहेब," भिला मास्तर म्हणाले.

मुलं परत आली ती रागावून. "कोठे शे घोडा?" एकीनं साहेबांना विचारलं. "सायेब, तुम्ही खोटं लिखं."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, मग फार वेळ भिला मास्तरांकडे. "मास्तर," ते म्हणाले, "वाचल्याशिवाय पळाली कशी?"

शेरेबुकात त्यांनी लिहिलं: मुले मोठ्याने वाचत नाहीत. वाचतात.

*

देवळामागली खोली मिळाली. गावाला आता नवल आणि बाई यांच्यावर हरकत घ्यायची होती, पण दोघांची जात एकच निघाल्यानं गावाची मोठी पंचाईत झाली.

स्वतः नवल त्या दिवसापासून फिरकला नव्हता. पंधरा दिवस. कडबा आपोआप पडू लागला असावा. रेवा मुलांना हसून शिकवी, आणि न आला की त्याच्यावरून जरा लवकर पुढे जाई.

पौर्णिमेला पागा घोड्यांनी भरली. तापीचा काठ नुसता खिंकाळत होता. रेवा मुलांना बाजार दाखवून घरोघर पोचवून परतत होती, तर वाटेत नवल उभा. शेजारी ते नावेतलं शिंगरू, आता चांगलं वीतभर वाढलेलं.

"विकायला आणलंत?" तिनं विचारलं.

"नाही. त्यानं तुमचं अक्षर खाल्लंय, विकणार कसं?" त्यानं पागोटं सोडलं. "एक सौदा आहे, बाई. करायचा?"

"पंधरा दिवस कुठे होता हा व्यापारी?"

"लाकूड तासत होता. या वेळी पाच फुकट गेले."

भोवती शंभर माणसं होती. रेवानं हात पुढे केला. कापड पसरलं. तिच्या तळव्यात एक सागवानी तुकडा आला. बोटं त्यावरून फिरली. न नव्हता. वर एक पोट, खाली तिरकी रेघ...

"र," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. मग जरा सावरून, बाईंच्या सुरात, "र पुढे न जोडून काही शब्द होत नाही, पाटील."

"शब्द नको. एका फळीवर शेजारी ठेवली तरी पुरे."

रेवा खाली बघत राहिली. कापडाखाली त्याची बोटं त्या तुकड्यापाशी येऊन थांबली होती. दाबत नव्हती, मागत नव्हती. खोगीर गव्हाणीपाशी ठेवून वाट बघावी तशी.

सौदा झाला का, म्हणून पलीकडच्या गर्दीतून चुडामण पाटलांची हाक आली. "नवल, व्हयना का रे सौदा?"

"बोलनं चालू शे, बा."

"कितला येळ?"

नवलनं रेवाकडे पाहिलं. तिनं बट कानामागे सारली, मोकळ्या हातानं सरकलेलं कापड नीट ओढून घेतलं, आणि महिनाभर मुलांकडून शिकलेल्या बोलीत पाटलांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हयना, बा."

कापडाखालचा हात तसाच होता.