पंधरा मिनिटं पुढं

"हे अ‍ॅप ज्यानं केलंय ना, तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे," शेअर रिक्षात माझ्या शेजारी बसलेला तरुण ड्रायव्हरला सांगत होता. "पोरगं पेपर सोडवून राहिलंय, अन् ह्ये मधीच बंद."

मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरली. गप्प बसावं की… पण गप्प बसणं मला कधी जमलंय?

"भेटली," मी म्हटलं. "बोला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, आणि उरलेला रस्ताभर अगदी सज्जन होऊन बसला.

तो आनंदराज. लातूरच्या ज्या क्लासच्या चाचण्या माझ्या अ‍ॅपवर चालायच्या, तिथं तो मुलांच्या फिजिक्सच्या शंका सोडवायचा आणि हॉस्टेलवर राहून त्यांच्याकडं लक्षही द्यायचा. मी लुंबिनी, नांदेडची. कंपनी लहान, अ‍ॅप माझं पहिलंवहिलं, आणि ते काही मुलांच्या मोबाईलवर ऐन चाचणीत गुपचूप बंद पडत होतं. शेवटचे प्रश्न सुटायचे राहत, मुलं रडकुंडीला येत. क्लासचे मालक हणमंतराव सर आवाज न चढवता म्हणाले होते, रविवारची चाचणी नीट झाली तर पुढची कामंही तुम्हालाच. नाहीतर तुम्ही नांदेडची गाडी धरा.

रिक्षातली चूक भरून काढायची म्हणून असेल, आनंदराज रोज पाच वाजता क्लाससमोरच्या टपरीवर मुलांचे मोबाईल घेऊन यायचा. मी एकेक तपासायची. नेट कमी पडतंय का, मोबाईल जुना आहे का, जागा भरलीय का… काहीच सापडेना. माझ्या मोबाईलवर तर अ‍ॅप एकदाही बंद पडलं नाही. माझ्याकडं चालतंय, हे वाक्य या धंद्यात सगळेच म्हणतात आणि त्याचा कुणालाच उपयोग होत नाही.

मला मात्र हळूहळू पाच वाजायची वाट पाहायची सवय लागली. कारण मी कधीही पोचले तरी तो आधीच आलेला असायचा. अवकाळी पावसाची भुरभुर असली तर ताडपत्रीखालचं कोरडं स्टूल माझ्यासाठी पुसून ठेवलेलं असायचं. घरापासून दूर, कामात नापास व्हायच्या भीतीत असताना कुणीतरी आपल्या आधी येऊन थांबतं… मला ते फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी तपासायला मुलांचा एकही मोबाईल उरला नव्हता, म्हणून आल्याआल्या मी त्याचाच मागितला. हातात घेतला आणि थबकले. माझ्या मोबाईलवर पाच वाजले होते, त्याच्यावर सव्वापाच.

"तुमचं घड्याळ पुढं आहे."

"हाव. आमच्या घरात तसंच असतंय. आई किल्लारीकडची. भूकंपाच्या पहाटे ती वेळंच्या आधी उठून अंगणात गेली, म्हणून वाचली. तवापासून घड्याळ पुढं. हॉस्टेलवर पोरांनाबी मीच सांगितलंय, पुढं ठेवा, उशीर व्हत न्हाई."

मी कपाळावर हात मारला. माझं अ‍ॅप चाचणी संपायची वेळ मोबाईलच्याच घड्याळात बघत होतं. त्याच्या मुलांची वेळ पंधरा मिनिटं आधी संपायची, आणि वेळ संपल्याचा निरोप दाखवायचं मी विसरले होते, म्हणून ते बंद पडल्यासारखं वाटायचं. बंद पडणारे सगळे मोबाईल त्याच्याच हॉस्टेलवरचे होते, आणि त्यांत मी सगळं तपासलं होतं, घड्याळ सोडून.

तो खजील होऊन म्हणाला, आजच सगळी घड्याळं बरोबर करायला लावतो. मी म्हटलं, राहू देत तशीच. आता वेळ मोबाईलला विचारायचीच नाही, आपल्या सर्व्हरला विचारायची.

चूक सापडल्याचा आनंद झाला, आणि लगेच दुसराही हिशेब लागला. म्हणजे तो माझ्यासाठी लवकर येत नव्हता. तो त्याच्या घड्याळातल्या पाचलाच यायचा, आणि मी पोचेपर्यंत त्यात सव्वापाच व्हायचे.

"म्हणजे तुमच्या हिशेबानं मी रोज उशिरा यायची," मी हसत म्हटलं. हसू नीट आलं नसावं. तो मोबाईल परत घेऊन त्यावरच्या घड्याळाकडं बघत राहिला.

रविवारची चाचणी सुरळीत पार पडली. एकाही मुलाचा पेपर अडकला नाही. हणमंतराव सरांनी चहा पाजला आणि पुढच्या कामाचं सांगितलं. लातूर सुटलं नाही, पण टपरीवर जायचं कारण सुटलं.

तरी सोमवारी पाचला माझे पाय तिकडंच वळले. तो होता. स्टूल पुसलेलं, समोर दोन कप, आणि त्याचा चहा केव्हाच गार झालेला. माझ्यापुढं त्यानं आपला मोबाईल सरकवला. पाच वाजले होते. बरोब्बर पाच.

"घरचं घड्याळ हाय तसंच हाय," तो कपाकडं बघत म्हणाला. "मोबाईलचं कालच बरोबर केलं."

"मग आज लवकर कसे आलात?"

"आलो… तुमच्यासाठी. आधीबी तुमच्यासाठीच येत होतो. पण घड्याळ पुढं असताना तुम्हाला पटलं नसतं."

मी माझा मोबाईल काढला, घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं आणि तो त्याच्या मोबाईलशेजारी ठेवला.

"ह्ये कशाला?" त्यानं विचारलं.

"तुमच्या घरात तसंच असतं ना," मी म्हटलं, आणि गार झालेला त्याचा चहा उचलून प्यायले.