चारशे वर्षांची सवत

"जरा पाय बाजूला घेता का... तुम्ही इझाबेलच्या तोंडावर उभ्या आहात."

वसईच्या किल्ल्यात, छप्पर उडालेल्या चर्चमध्ये, एक अनोळखी मुलगा माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हे. माझ्या मैत्रिणीचं, अक्षताचं, प्री-वेडिंग शूट चाललं होतं आणि मी तिचा दुपट्टा, पाण्याची बाटली आणि चपला सांभाळत सावलीत उभी होते. खाली बघते तर पायाखाली साधी फरशी नाही, थडग्याचा दगड! दचकून मी उडी मारली ती थेट त्याच्या पायावर. तो कळवळला, पण नजर दगडावरच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याचं नाव सम्यक, माझं मित्रा. राहायला विक्रोळी, म्हणजे माझ्या घाटकोपरच्या शेजारीच. मरोळच्या एका कंपनीत एसीची ड्रॉइंग काढायचा आणि रविवारी वसईला येऊन पोर्तुगीजांच्या काळातले झिजलेले दगड वाचायचा. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही, हौस. झिजलेली अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण आरशाने ऊन तिरपं पाडलं की खाचांत सावली भरते आणि अक्षर दिसायला लागतं. एका हाताने आरसा धरून दुसऱ्याने लिहिताना त्याची तारांबळ उडत होती. मी म्हटलं, द्या इकडे, मी धरते. झालं, अडकले. पुढचे सगळे रविवार मी त्याच्या बाईकवर मागे बसून घोडबंदर रोडने वसईला. घरी सांगायचे, अक्षताकडे चाललेय.

तर ही इझाबेल. चारशे वर्षांपूर्वी गेलेली, एकोणीस वर्षांची, कुण्या कप्तानाची बायको. मेलेल्या बाईवर कुणी जळतं का? मी जळले. चांगली करपले.

तिच्याबद्दल बोलताना त्याचा आवाजच बदलायचा. बिचारी कुठून कुठे आली... जहाजात किती महिने काढले असतील... इथला उन्हाळा कसा सोसला असेल... दगडावर पडलेली पानं तो हाताने बाजूला करायचा, तीही इतकी अलगद की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी नवा कुर्ता घालून, काजळ भरून समोर बसलेली, आणि साहेब म्हणणार, आरसा थोडा डावीकडे घे. एकदा वाऱ्याने माझे केस त्याच्या गालावर गेले. मला वाटलं, आता तरी बघेल. त्याने म्हटलं, केस बांध ना, सावली पडतेय. इझाबेलच्या नवऱ्याचं नाव, बापाचं नाव तोंडपाठ. माझं आडनाव मात्र महिन्याभराने विचारलं, तेही मोबाईलमध्ये नंबर सेव्ह करताना.

तसा अगदीच दगड नव्हता हं. वाटेत वसईची सुकेळी घ्यायचा, ती उन्हात वाळवलेली गोड केळी, आणि त्यातलं मऊ मऊ माझ्या हातावर ठेवायचा. पाण्याची बाटली उघडली की आधी मला. तेवढ्यावर मी आठवडा ढकलायचे.

मार्चमध्ये आईने स्थळ आणलं. विशाल, मुलुंडचा, बँकेत नोकरी. नाव ठेवायला जागा नव्हती आणि आईला येत्या रविवारी भेटून झालं की हो की नाही ते हवं होतं. मी सम्यकला सांगितलं. वाटलं, आता काहीतरी बोलेल. आता नाही तर कधीच नाही. तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "मग रविवारी आरसा कोण धरणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं थांब, दाखवते तुला. घरी सांगितलं, आम्ही बाहेरच भेटतो, मोकळेपणाने बोलता येतं. आणि विशालला मेसेज केला, वसईचा किल्ला बघू या.

चर्चमध्ये सम्यक होताच, दगडाशी गुडघे टेकून. मी मोठ्या आवाजात ओळख करून दिली, हे विशाल, आमच्या लग्नाचं बोलणं चाललंय. विशालने हसून जय भीम केला. सम्यकनेही केला, पण दाढ दुखत असल्यासारखा. मला अश्शा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

पण माझंच नशीब फुटकं. विशालने विचारलं, हे काय वाचताय, आणि पाच मिनिटांत तो पठ्ठ्या पँटची पर्वा न करता खाली बसून आरसा धरत होता. दोन जवान पुरुष त्या बयेवर ओणवे, आणि मी खांबाला टेकून एकटीच ताडगोळे सोलतेय. एकाला नादी लावलं होतं ते कमी होतं, आता माझं स्थळही पळवलं सटवीने.

मग माझ्या लक्षात आलं, सम्यक एकाच शब्दाशी अडलाय. लिहितोय, खोडतोय.

"आरसा हलतोय तुमचा," तो विशालवर खेकसला. "मित्रा बरोबर धरते. तिला सांगावं लागत नाही."

विशालने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आरसा खाली ठेवून शांतपणे उठला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, घरी मीच कळवतो, जमलं नाही म्हणून. समुद्राकडचा दरवाजा बघून येतो असं सांगून भला माणूस निघूनही गेला.

सम्यकने ते ऐकलं नव्हतं. तो पाठमोराच बोलला, "त्याला हो म्हणू नकोस."

"का?"

"आठवडाभर झोप नाही मला. म्हटलं, कसा असेल, कसा बोलेल... आणि हा तर चांगलाच निघाला यार. त्याचाच जास्त राग येतोय."

इतकं गोड मला आयुष्यात कुणी काही बोललं नव्हतं. पण मीसुद्धा कमी जळले नव्हते. विचारलं, हिच्याबद्दल तासन्‌तास बोलतोस, माझ्याबद्दल एक शब्द का नाही?

"ती ऐकत नाही ना... म्हणून जमतं. तुझ्यासमोर बोबडी वळते."

माझे डोळे भरून आले, आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"मग काय, मी मरायची वाट बघणार आहेस? माझं कौतुक मला ऐकायचंय, सम्यक. मी जिवंत आहे, समोर उभी आहे. आत्ता सांग."

तो उठला. गुडघे झाडले, घसा खाकरला, पुन्हा गुडघे झाडले. मग अडखळत, जमिनीकडे बघत म्हणाला, "मला तू... तू हवी आहेस. कायमची."

मी म्हटलं, नीट ऐकू नाही आलं, पुन्हा सांग. तो कानापर्यंत लाल झाला, पण त्याने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी माझ्याकडे बघून.