गुहेतलं पाणी

मत्स्यालयाच्या अंधारखोलीत दिवस उलटा चालायचा. रात्रभर दिवे लखलखीत, आणि सकाळी लोक यायच्या सुमाराला मिट्ट काळोख. म्हणजे रात्रीच बाहेर पडणारे दिवेमासे भर दिवसा कपारीतून निघायचे नि पाहुण्यांना दिसायचे. ही युक्ती मासे सांभाळणाऱ्या बाईची. म्हणून सगळे तिला ‘काळोखवाली’ म्हणत. ती वरवर चिडायची, पण मनातून भलतीच खूश असायची.

आणि मग घात झाला. दिवेमासा म्हणजे बोटाएवढा जीव. त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या असतात, त्यांत चमकणारे जिवाणू भाडेकरूंसारखे राहतात. पिशवी झाकली की अंधार, उघडली की उजेड. तिच्या माशांचे भाडेकरू एकेक करून निघून गेले. टाकीत मासे होते, दिसत मात्र काहीच नव्हतं.

मत्स्यालयाचे साहेब काल म्हणाले, "बाई, लोक इतक्या लांबून येऊन काळोख बघणार का? उद्या संध्याकाळी येतो. उजेड नसेल, तर ही खोली बंद."

गेलेले जिवाणू टाकीत परत येत नाहीत, असं सगळे जाणकार सांगत. तिला मात्र खात्री होती, की ज्या गुहेतून मासे आणले तिथलंच पाणी मिळालं तर काम होईल. मासे आणले होते तिच्या धाकट्या भावानं. तो पाणबुड्या.

"ती गुहा बरी नाही, ताई," तो म्हणाला होता.

"एकदाच! माझ्यासाठी!" ती हटूनच बसली. तिचा शब्द त्यानं आजवर मोडला नव्हता.

आज सकाळी तो पाण्याचा कॅन घेऊन आला, डोक्यावरून टॉवेल पार नाकापर्यंत ओढून.

"डोळे आलेत की काय तुझे?"

"नाही. ऊन सहन होत नाही."

"किती उशीर! इथं माझा जीव टांगणीला लागला होता."

"टॉर्च बंद पडला खाली."

"अरे देवा! मग वाट कशी सापडली?"

"दिसत होतं," तो म्हणाला.

एरवी तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण हातात ते पाणी होतं ना! तिनं धावत जाऊन टाकीत ओतलं.

दुपारी अंधारखोलीत ती काचेला नाक लावून बसली होती, भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून मागे उभा होता. आणि एकदम एक निळसर-हिरवा ठिपका लुकलुकला.

"अगं बाई! लागला! अरे, लागला!"

मग दुसरा. मग सगळी टाकीच. ती लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली. जिवाणू वाढायला कितीतरी दिवस लागायला हवेत, हे तिला ठाऊक होतं. पण आनंदाच्या भरात असले हिशेब कोण करतो! तिनं मागे चाचपडत भावाचा हात धरला.

"अजून ओलाच? कपडे बदल की, गाढवा."

"बदललेत."

मासे पुढच्या काचेशी गोळा झाले होते. सगळे एकदम लुकलुकत होते.

"बघ, कसे आपल्याकडेच बघतायत!"

"त्यांना ओळख पटली," भाऊ म्हणाला.

तिचं लक्षच नव्हतं. "थांब, साहेबांची गंमत करू. ते आले की पडदा सर्रकन बाजूला! तोंडात बोटं घातली पाहिजेत त्यांनी!"

तिनं जाड काळा पडदा टाकीवर ओढून घेतला. कडेनंसुद्धा उजेड येऊ नये म्हणून नीट दाबून बसवला.

आता मिट्ट काळोख व्हायला हवा होता.

पण निळसर-हिरव्या उजेडात तिला पडद्याची वीण दिसत होती.

वीण दिसत होती, आणि पडद्यावर एक सावली. तिनं हात उचलला. सावलीनंही उचलला.

"ताई," मागून भाऊ हळूच म्हणाला, "आता खोली नाही ना बंद होणार?"

"नाही रे, राजा," ती म्हणाली. तिला मान वळवता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

पडद्यावरची तिची सावली विझली. थोड्या वेळानं पुन्हा उमटली.