शंखगडच्या होड्या

पूर्वेच्या डोंगरांआडून तांबडं फुटलं, तेव्हा खाडीच्या मुखाशी समुद्रात उभ्या असलेल्या शंखगडाच्या तटाखाली आरमाराचे सरखेल हैबतराव यांच्या अकरा गुराबा, ती अजस्र लढाऊ जहाजं, ऐटीत डुलत होती. तीस वर्षं या दर्यावर त्यांच्या दस्तकावाचून, त्या लेखी परवान्यावाचून, कुणाचं शीड उघडलं नव्हतं. इतक्या यशापुढं आपलं कोण ऐकणार, या विचारानं सदरेकडे निघालेल्या, कोळ्यांचा म्होरक्या असलेल्या पोसाजी नाखव्याची पावलं जड झाली होती.

गडावर गोडं पाणी नव्हतं. सातशे जिवांची तहान पैलतीरावरून कोळ्यांच्या होड्यांनी येणाऱ्या पाण्यावर भागे. त्या सातशेंत पोसाजीची नातही होती. खाडी गाळानं भरत चाललेली, ओहोटीला गुराबा वळेनाशा झालेल्या, आणि शत्रू हलक्या होड्या बांधतोय अशी पक्की खबर. पोसाजीनं मुजरा करून हे सारं मांडलं आणि दोन गुराबा मोडून त्या लाकडाच्या वीस होड्या कराव्यात, अशी अर्जी केली.

गुराबांचे अकरा सरदार हसले. उद्यापासून आम्ही सुकट विकावी काय, असं एकानं विचारलं. कोळ्यांच्या होड्याच आमची वाट अडवतात, पाणी काय, गुराबाही आणतील, असं दुसऱ्यानं ठासून सांगितलं. दुपारपर्यंत मसलत अशी फिरली की, हुकूम सुटला तो होड्याच फोडण्याचा. पहिली कुऱ्हाड नाखव्यानं स्वतःच्या होडीवर घालायची.

सदर उठल्यावर सरखेलांनी त्याला बुरुजाआड थांबवलं.

“नाखवा, तुमचं खरं आहे. कळतं आम्हांला.”

“मग, सरकार?”

“या अकरांचा मान गुराबेवर उभा आहे. तुमचं ऐकलं, तर अकराही आजच गड सोडतील. त्यांचं ऐकलं, तर बुडायला अजून अवकाश आहे.”

पोसाजीनं कुऱ्हाड हाती घेतली नाही. त्याला कोठडीत घातलं. होड्या दुसऱ्यांनी फोडल्या. झरोक्यातून देवळातल्या कीर्तनाचे टाळ ऐकू येत. तो भिंतीला टेकून देवाचं नाम घेई, आणि त्या माउलीच्या कृपेनं त्याचं मन कडू व्हायचं राहिलं.

चैत्रात वेढा पडला. ऐन ओहोटीत गुराबा गाळात रुतल्या आणि शत्रूच्या हलक्या होड्यांनी त्या एकेक करून पेटवल्या. सतराव्या दिवशी हौदाचा तळ दिसला, तेव्हा सरखेल स्वतः कोठडीत आले. बोलणी करायला माणूस पाठवावा, तर गडावर एकही होडी उरली नव्हती.

“मी पोहून जातो,” पोसाजी म्हणाला.

भर दुपारी, गोळ्या अंगावर घेत तो पार झाला. ज्यानं तुला कोंडलं त्याच्यासाठी आलास, असं गडावरची सारी खबर असलेल्या शत्रूच्या सेनापतीनं त्याला हिणवलं. पोसाजीच्या खांद्यातून रक्त वाहत होतं.

“तहान त्यांच्या एकट्याची नाही, महाराज. लेकरं आहेत आत.”

सेनापतीनं वाट दिली, आणि सूर्य मावळण्याआधी त्याच्याच होड्यांतून गड खाली झाला. तीरावरच्या विहिरीशी बायका, मुलं, शिपाई ओंजळी धरून बसले. सर्वांत शेवटी, कमरेला तलवार नसलेले हैबतराव आले. पोसाजीनं एका हातानं पोहरा त्यांच्या ओंजळीत ओतला.

“नाखवा, आमच्या जागी असता, तर तुम्ही होड्या बांधल्या असत्या?”

पोसाजीनं रिकामा पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

“देव जाणे, सरकार. माझ्याकडे गुराबा नव्हत्या.”